वेल्स: युरोपातल्या महाकाय मिशीवाल्या माशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मासा बातम्यांत येतो तो ठरलेल्या पोझमध्ये. चार जणांनी कसाबसा उचललेला, तोंड वासलेलं, मिशा लोंबत असलेल्या. फोटो पाहिला की प्रश्नही ठरलेलेच येतात: लांबी किती, वजन किती, माणूस खातो का? त्यांची उत्तरं खाली आहेतच. पण या माशाची खरी गंमत त्याच्या कातडीत, मिशांत आणि बापपणात आहे, म्हणून तिथे मी जरा जास्त रेंगाळलो आहे.

वेल्स म्हणजे नेमका कोणता मासा?

कॅटफिशच्या, म्हणजे मिशीवाल्या माशांच्या, जगात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतली युरोपातली सर्वांत मोठी जात म्हणजे वेल्स. शास्त्रीय नाव सिल्युरस ग्लॅनिस, आणि ते स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली दिलं. 'वेल्स' हा जर्मन शब्द आहे. ब्रिटनमधल्या वेल्सशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे सांगून सांगून थकलो. रशियन लोक त्याला 'सोम' म्हणतात, फ्रेंच 'सिल्यूर' आणि हंगेरियन 'हार्चा'. एखाद्या माणसाची मिशी ओठांवरून खाली लोंबत असेल, तर हंगेरियन भाषेत तिला चक्क हार्चाची मिशी म्हणतात. इटालियनमध्ये तो 'सिलुरो'. पाणबुडीतून सोडतात त्या टॉर्पेडोलाही त्या भाषेत हाच शब्द आहे.

आपल्या शिवड्याशी त्याचं काही नातं आहे का?

आहे, आणि जवळचं आहे. दोघंही सिल्युरिडी या एकाच कुळातले. अंगावर एकही खवला नाही, डोकं चपटं, पाठीवरचा पर नावापुरता आणि पोटाखालचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला, हा या घराण्याचा साचा. फरक करायचा तर मिशा मोजा: शिवड्याला चार, वेल्सला सहा. शिवड्याची शेपटी दुभंगलेली असते, वेल्सची गोलसर. शिवड्याच्या जबड्याची फट डोळ्याच्याही मागे जाते. वेल्सचं तोंड प्रचंड रुंद असलं तरी फट इतकी मागे जात नाही.

जवळून पाहिला तर कसा दिसतो?

ओल्या रबरासारखा. कातडी गुळगुळीत आणि तिच्यावर बुळबुळीत थर. रंग काळपट हिरवा, त्यावर ढगाळ डाग, पोट फिकट. रंग पाण्याप्रमाणे बदलतो, आणि पिवळट-पांढरे रंगहीन वेल्सही अधूनमधून सापडतात. डोळे इतके बारीक की एवढ्या मोठ्या डोक्यावर ते नंतर कोणीतरी चिकटवल्यासारखे वाटतात. वरच्या जबड्यावर दोन लांब मिशा असतात आणि त्या तो हव्या तशा वळवतो. हनुवटीखाली चार आखूड मिशा.

दातांबद्दल लोकांची निराशा होते. सुळे नाहीतच. जबड्यावर शेकडो बारीक, आत वळलेल्या दातांचे पट्टे असतात, भांडी घासायच्या घासणीसारखे. त्यांचं काम तोडण्याचं नाही, धरून ठेवण्याचं. म्हणून तो भक्ष्याचे लचके तोडू शकत नाही. जे तोंडात मावेल ते अख्खं गिळतो. खालचा जबडा मुठीत धरून फोटो काढून घेणाऱ्यांच्या अंगठ्याची साल निघते, बोट मात्र शाबूत राहतं.

सर्वांत मोठा किती?

प्रौढ वेल्स बहुतेक ठिकाणी एक ते दीड मीटरचा असतो. मोठ्या, उबदार आणि खाद्याने भरलेल्या नद्यांत दोन मीटरच्या पुढचे मासे नेहमी सापडतात. इटलीतल्या पो नदीत २०२३ साली २८५ सेंटिमीटरचा वेल्स गळाला लागला, मोजला आणि परत सोडला. शंभर किलोच्या पुढचे मासेही अनेकदा तोलले गेले आहेत.

मग पाच मीटरचं काय? १९व्या शतकातल्या, द्नीपर नदीकडच्या, पाच मीटर लांब आणि तीनशे किलोहून थोड्या जास्त वजनाच्या माशाची नोंद जिथे तिथे दिलेली आढळते. तिच्यातला घोटाळा साध्या गणिताने दिसतो. मासा आकार न बदलता लांबीत दुप्पट झाला की वजनात साधारण आठपट होतो. अडीच मीटरचा धडधाकट वेल्स शंभर किलोच्या आसपास भरतो. म्हणजे पाच मीटरचा आठशे किलोचा हवा. तीनशे किलो वजन खरं मानलं तर लांबी पाच मीटर नाही, आणि लांबी खरी मानली तर वजन चुकलंय. माझ्या मते टेप खोटी होती, किंवा टेप नव्हतीच.

म्हणजे जगातला सर्वांत मोठा कॅटफिश हाच?

लांबीत तो पहिल्या रांगेत आहे, पण वजनात मेकाँग नदीतला महाकाय कॅटफिश पुढे. २००५ साली उत्तर थायलंडमध्ये पकडलेला त्यातला एक २.७ मीटर लांब आणि २९३ किलोचा होता. तो मोठेपणी दात नसलेला, शेवाळ-वनस्पतींवर जगणारा. वेल्स पक्का मांसाहारी. युरोपात वेल्सहून मोठे बेलुगासारखे स्टर्जन मासे आहेत, पण ते समुद्र आणि नदी अशी ये-जा करतात.

तो मुळात राहतो कुठे?

ऱ्हाइनच्या पूर्वेकडे: डॅन्यूब, द्नीपर, व्होल्गा आणि काळा समुद्र, कॅस्पियन, अरल यांना मिळणाऱ्या नद्यांमध्ये. बाल्टिकच्या बाजूलाही तुरळक. संथ, खोल, गढूळ पाणी त्याला मानवतं. दिवसा तो बुडालेल्या झाडाखाली, मुळांच्या जाळ्यात किंवा काठाच्या कपारीत पडून असतो. थोडं खारं पाणीही सोसतो, त्यामुळे नदीमुखांजवळही सापडतो. ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्यात इतर मासे वर येऊन तोंड मारायला लागतात, तेव्हाही हा तळाशी तग धरून असतो.

इतक्या गढूळ पाण्यात, तेही रात्री, त्याला भक्ष्य दिसतं कसं?

दिसत नाहीच. पण डोळे सोडून बाकी सगळं अंग त्याच्या कामाला असतं.

मिशांवर आणि कातडीवर चव ओळखणाऱ्या कळ्या पसरलेल्या असतात. म्हणजे आपण जे काम जिभेने करतो ते हा अंगभर करतो. शिवाय कातडीत बारीक खड्ड्यांसारखी इंद्रियं आहेत. पाण्यातल्या प्रत्येक जिवाच्या स्नायूंमधून आणि कल्ल्यांमधून अगदी क्षीण वीज झिरपत असते, आणि ती या इंद्रियांना कळते. वर शरीराच्या दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा, जिला पाण्याची हालचाल जाणवते.

हे सगळं मिळून काय साधतं, ते २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर प्रयोगात दिसलं. संपूर्ण अंधार केलेल्या टाकीत एक वेल्स आणि गप्पी मासे सोडले, आणि अवरक्त प्रकाशात चित्रण केलं. गप्पी पोहत पुढे जाई. काही क्षणांनी वेल्स त्या जागी येई आणि सरळ गप्पीच्या दिशेने झेपावण्याऐवजी, गप्पी ज्या वाटेने गेला त्याच वाटेने निघे. गप्पी डावीकडे वळला असेल तिथे हाही डावीकडे वळे. दहा सेकंदांपूर्वीची वाटसुद्धा त्याला सापडत होती, आणि गप्पीच्या लांबीच्या पंचावन्नपट अंतरापर्यंत तो पाठलाग करत होता.

जमिनीवर माग काढतात तो पावलांवरून. पाण्यात पाऊल उमटत नाही, पण शेपटीच्या प्रत्येक फटक्याने छोटे भोवरे मागे राहतात आणि ते विरायला थोडा वेळ लागतो. वेल्स त्या भोवऱ्यांचा माग काढतो. पुढच्या प्रयोगांत पार्श्वरेषा बधिर केली तेव्हा शिकार साफ ढासळली; चव बंद केल्याने तेवढा फरक पडला नाही. म्हणजे मिशांचा एवढा तोरा असला तरी अंधारातलं मुख्य काम पार्श्वरेषाच करते.

त्याला ऐकू येतं का?

उत्तम. कॅटफिश आणि कार्प यांच्या गटात मणक्यांच्या काही तुकड्यांची साखळी होऊन ती वाताशय आणि आतला कान यांना जोडते. हवेने भरलेला वाताशय ढोलासारखा थरथरतो आणि साखळी ती थरथर कानापर्यंत पोचवते. त्यामुळे बहुतेक माशांच्या कानापलीकडचे चढे स्वरही याला कळतात.

डॅन्यूबवरच्या कोळ्यांना हे शरीरशास्त्र शिकायची गरज पडली नाही. त्यांच्याकडे एक वाकडं लाकडी हत्यार असतं, टोकाला चपटी टिकली. होडीतून ते पाण्यावर विशिष्ट लयीत मारलं की 'क्लोंक' असा पोकळ आवाज येतो, आणि तळाशी सुस्तावलेला वेल्स उठून वर येतो. का येतो यावर गळ टाकणाऱ्यांत वाद घालायला रात्र पुरत नाही. पण येतो.

खातो काय?

बारीक असताना पाण्यातले सूक्ष्म जीव आणि किड्यांच्या अळ्या. मग मासे: मुख्यतः कार्पच्या जातकुळीतले, शिवाय ईल. शेवंडीसारखे गोड्या पाण्यातले क्रेफिश त्याला फार आवडतात, आणि जिथे परके क्रेफिश माजले आहेत तिथे तर तो त्यांच्यावरच पोसला जातो. बेडूक, पाणउंदीर, बदकांची पिल्लं हेही अधूनमधून. एवढं मोठं तोंड असूनही बहुतेक भक्ष्य अंगाच्या मानाने किरकोळच असतं. मेलेलंही सोडत नाही.

पाण्याबाहेर येऊन कबुतरं पकडतो, हे खरं का? व्हिडिओ बनावट वाटतो.

बनावट नाही. दक्षिण फ्रान्समध्ये आल्बी गावाजवळ टार्न नदीत खडीचं एक छोटं बेट आहे. कबुतरं तिथे पाणी प्यायला आणि अंघोळीला उतरतात. तुलूझच्या संशोधकांनी २०११ च्या उन्हाळ्यात वरच्या पुलावरून तासन्‌तास पाहणी केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

दृश्य असं: उथळ पाण्यात काळी सावली कबुतरांच्या अगदी जवळ सरकत येते. वरच्या जबड्याच्या दोन्ही मिशा ताठ उभ्या. कबुतर पंख फडफडवून पाणी उडवतंय. एकदम पाणी फुटतं, अर्धा मासा खडीवर आलेला असतो, आणि पुढच्या क्षणी अंगाला पीळ देत परत पाण्यात. सगळा खेळ एक ते चार सेकंदांचा. असे ५४ हल्ले मोजले, त्यांतले २८ टक्के यशस्वी झाले.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, निश्चल उभ्या कबुतरावर हल्ला झालाच नाही. पाण्यात हालचाल करणाऱ्यावरच झाला. म्हणजे हा शिकारीही डोळ्यांवर नाही, पाण्याच्या थरथरीवर चाललेला होता. दुसरी, हे मासे अजस्र नव्हते, साधारण एक ते दीड मीटरचे होते. टार्नमध्ये वेल्स आला तोच १९८३ साली. नव्या नदीत पोचल्यावर तीसेक वर्षांत काहींनी पूर्वजांना माहीत नसलेलं खाद्य आणि ते मिळवायची नवी युक्ती शोधली. ऊतींच्या रासायनिक तपासणीत असंही दिसलं की कबुतरं सगळेच सारखी खात नाहीत. काहींनी तो धंदाच पत्करलाय, काहींना त्यात रस नाही. आळशी, तळाशी लोळणारा मासा म्हणून त्याची जी ओळख आहे, ती मला तेव्हापासून पटेनाशी झाली.

माणसाला धोका आहे का?

गिळण्याचा नाही. चावल्याच्या घटना मात्र आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांची वेळ एकच: उन्हाळ्याची सुरुवात, विणीचा हंगाम. २००८ साली बर्लिनच्या श्लाख्टेनझे तलावात पोहणाऱ्या एका व्यक्तीला वेल्स चावला. जून २०२५ मध्ये बव्हेरियातल्या ब्रोम्बाख तलावात सुमारे दोन मीटरच्या माशाने काही पोहणाऱ्यांना चावे घेतले आणि शेवटी पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. जखमा म्हणाल तर खरचटल्यासारख्या. घरट्यावर बसलेला नर कोणालाही हुसकावून लावतो. पोहणाऱ्याला माहीतही नसतं की आपण कोणाच्या दारात आलोय.

कुत्रा गिळल्याची गोष्ट जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाखची. २००१ साली तिथल्या बागेतल्या तळ्यात माशाने डाखशुंडचं पिल्लू ओढून नेल्याची आवई उठली. 'कुनो' असं नाव पडून तो मासा देशभर गाजला. २००३ मध्ये तळ्यात मेलेला वेल्स सापडला, तो दीड मीटर आणि ३५ किलोचा. तोच कुनो, असं गावाने ठरवून टाकलं.

वीण कधी आणि कशी होते?

पाणी वीस अंशांच्या आसपास तापलं की, म्हणजे बहुतेक ठिकाणी मे ते जुलैदरम्यान. नर उथळ, झाडोऱ्याच्या जागी घरटं करतो. बहुतेकदा काठावरच्या विलो झाडाची पाण्यात उतरलेली केसाळ मुळं त्याला पसंत पडतात. तो ती दाबून, साफ करून गादीसारखी करतो. मादी आली की तिच्याभोवती अंगाचा विळखा घालतो. मादी अंडी सोडते, नर ती फलित करतो, आणि चिकट पिवळसर गाभोळी मुळांना लगडते. अंडी जेमतेम तीन मिलिमीटरची, पण संख्या अफाट: मादीच्या दर किलो वजनामागे साधारण तीस हजार.

मादी निघून जाते. नर थांबतो. एवढ्या घट्ट गठ्ठ्यातल्या आतल्या अंड्यांना ऑक्सिजन मिळणं कठीण, म्हणून तो शेपटी आणि परांनी सतत पाणी हलवत राहतो. तेच पाणी गाळही बसू देत नाही. कोणी जवळ आलं की अंगावर जातो. ऊबदार पाण्यात अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्लं बेडकाच्या पिल्लांसारखी दिसतात, अंधार शोधून एकमेकांत घुसतात, आणि पोटातला बलक संपेपर्यंत तिथेच वळवळत पडून असतात.

ॲरिस्टॉटलने या माशाबद्दल लिहिलंय म्हणतात. खरं?

लिहिलंय, पण याच्याबद्दल नाही, याच्या चुलतभावाबद्दल. गोष्ट मजेदार आहे. 'ग्लॅनिस' नावाच्या माशाचा नर अंड्यांवर चाळीस-पन्नास दिवस पहारा देतो, आवाज करत इतर माशांना हाकलतो, आणि कोळी त्याच्या या निष्ठेचाच फायदा घेऊन त्याला पकडतात, असं ॲरिस्टॉटलने नोंदवलं. पुढे दोन हजार वर्षं विद्वानांना हे थोतांड वाटलं, कारण त्यांना ठाऊक असलेल्या वेल्सबद्दल कोणी असं सांगत नव्हतं.

१८५० च्या दशकात निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी अमेरिकेतल्या कॅटफिशचे नर पिल्लं सांभाळताना पाहिले होते. त्यांनी ग्रीसमधल्या अखेलोस नदीतून मासे मिळवले. ते निघाले वेल्सहून वेगळे: सहाऐवजी चारच मिशा. या जातीला आज सिल्युरस ॲरिस्टॉटेलिस म्हणतात. म्हातारबोवा बरोबर होते, त्यांच्यावर हसणाऱ्यांनी मिशा मोजल्या नव्हत्या. आणि शेवटी वेल्सचा नरही तसाच पहारेकरी निघाला.

किती वर्षं जगतो? मोठा म्हणजे म्हातारा का?

अजिबात तसं नाही. वाढ पाण्याच्या उष्णतेवर ठरते. साधारण पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत तो सपाट्याने वाढतो, दहाच्या खाली खाणंच जवळजवळ थांबवतो. त्यामुळे स्पेनमधला दोन मीटरचा मासा स्वीडनमधल्या तेवढ्याच माशाहून कितीतरी तरुण असतो. स्वीडनमध्ये खुणा करून सोडलेले आणि वर्षांनंतर पुन्हा पकडलेले मासे अभ्यासून २०२२ साली जे प्रसिद्ध झालं त्यानुसार तिथले काही वेल्स सत्तरीपर्यंत पोचतात. थंडीत सावकाश जगणाऱ्याला आयुष्य जास्त, असं दिसतं.

हिवाळ्यात कुठे जातो?

खोल डोहात. एकेका डोहात अनेक जण एकमेकांना खेटून पडून असतात. पण कळप फक्त थंडीपुरता नाही. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीत पाणबुड्या संशोधकांना १५ ते ४४ मोठ्या वेल्सचे घोळके एकाच जागी तरंगताना दिसले. एका घोळक्याचं वजन अंदाजे १,१३२ किलो. शिकार नाही, वीण नाही, नुसते जमलेले. इतक्या माशांच्या विष्ठा-मूत्रातून त्या जागी फॉस्फरस आणि नायट्रोजनची अक्षरशः खत घातल्यासारखी भर पडते.

स्पेन आणि इटलीत तो पोचला कसा?

माणसाने नेला. इंग्लंडमध्ये १८८० साली वोबर्न ॲबीच्या तळ्यांत सोडला. स्पेनमध्ये १९७४ साली एका जर्मन हौशी गळकऱ्याने एब्रो नदीच्या खोऱ्यात मोजकी पिल्लं सोडली. मेकिनेन्साचा जलाशय आज जगभरच्या गळकऱ्यांची पंढरी झालाय, त्याचं मूळ ही मूठभर पिल्लं. पो नदीत तो विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. धरणांनी या नद्या संथ, खोल आणि कोमट केल्या, म्हणजे वेल्सला हव्या तशाच. बांधकाम आपण केलं आणि वर भाडेकरूही आपणच आणला.

मग त्याने तिथे खरंच नुकसान केलंय का?

काही ठिकाणी ठोस पुरावा आहे. फ्रान्समधल्या गारोन नदीवर गोल्फेश इथे माशांना धरण ओलांडता यावं म्हणून लिफ्ट आहे. समुद्रातून अंडी घालायला चढणारे सालमन तिच्या अरुंद वाटेत शिरतात. वेल्स नेमके तिथेच दबा धरून बसायला शिकले: २०१६ मध्ये आलेल्या ३९ सालमनपैकी १४ त्यांनी तिथल्या तिथे खाल्ले. त्याच भागातल्या सी लॅम्प्रीवर (ईलसारखा लांबट, जबडा नसलेला मासा) २०२० साली प्रसिद्ध झालेलं काम आणखी बोलकं आहे. खुणेचं यंत्र लावलेल्या ४९ लॅम्प्रींपैकी ३९ महिन्याभरात वेल्सच्या पोटात गेल्या. गरोदर सालमन सापळ्यासारख्या वाटेत आयताच मिळत असेल तर कोणताही शिकारी तिथे बसणारच. त्यामुळे सगळा दोष वेल्सच्या माथी मारणं मला पटत नाही, पण सालमनला त्याने काही फरक पडत नाही हेही खरं.

एका देशात संरक्षण आणि दुसऱ्या देशात उपद्रवी, असं कसं?

नद्या वेगळ्या म्हणून. जगाच्या पातळीवर जातीला धोका नाही. पण स्वीडनमध्ये एमॉन नदीसारख्या दोन-तीन ठिकाणी जुन्या काळापासूनचे थोडके वेल्स उरलेत. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. फिनलंडमधून मूळचा वेल्स नाहीसा झाला. उलट स्पेनमध्ये तो कायद्याने आक्रमक परका ठरवलाय. तोच मासा, तेच पोट.

चेर्नोबिलच्या तळ्यातले राक्षसी वेल्स किरणोत्सर्गाने वाढले का?

नाही. अणुभट्टीचं पाणी थंड करण्यासाठीच्या त्या तळ्यात कोमट पाणी होतं, मासेमारी बंद होती आणि येणारेजाणारे पुलावरून पाव टाकत होते. ऊब, निवांतपणा आणि फुकट जेवण मिळालं की वेल्स कुठेही मोठा होतो.

खातात का?

खातात. मांस पांढरं आणि बारीक काटे जवळजवळ नसलेलं, म्हणून मध्य आणि पूर्व युरोपात त्याची शेतीही होते. फार मोठा, जुना मासा मात्र टाळलेला बरा. अन्नसाखळीच्या टोकावर बसलेल्या शिकाऱ्याच्या अंगात वर्षानुवर्षं पारा साठतो, आणि चवीलाही तो चरबट लागतो.

पिल्लू दिसायला गोंडस आहे. मत्स्यालयात ठेवू का?

नको. पहिल्याच वर्षात टाकीतले इतर मासे एकेक करून गायब होतील, तेही रात्री, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टाकी पुरेनाशी होईल. तेव्हा बहुतेक लोक जे करतात ते म्हणजे बादली उचलून जवळचं तळं गाठणं. एब्रोमध्येही सुरुवात काही पिल्लांनीच झाली होती.